मैदानावरची बुद्धी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या वर्धापनदिनी व्याख्यान म्हटले की आरोग्य, पाककृती, संतवाङ्मय किंवा मुलांचे संगोपन यांपैकी काही तरी असावे असा आपला रिवाज. यंदा मी फुटबॉलवर बोलणार असे फळ्यावर लिहिले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला दोनदा विचारले, "नक्की ना?" म्हटले, नक्की. आपण कोल्हापूरकर. या गावात पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीला फुटबॉलचा संघ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे आपल्या घरांत देवाधर्माच्या नावांइतकीच घेतली जातात. शाहू स्टेडियमवर सामना असला की भाजी आणायला निघालेला माणूस भाजी न घेता संध्याकाळी परततो, हे तुम्हांला मी सांगायला नको. तेव्हा विषय परका नाही. एवढेच की आपण आजवर तो पुरुषांवर सोडून दिला होता.

हा विषय घ्यायला कारण घडले ते असे. मागच्या हळदीकुंकवाला आपल्यापैकीच एका सुनेने मला एक छापील कागद दाखवला. फुटबॉल शिकवणाऱ्या कुठल्याशा वर्गाची ती जाहिरात होती. आठ वर्षांच्या मुलाला संगणकासमोर अर्धा तास बसवायचे, पडद्यावर दिवे लागतील तशी त्याने बटणे दाबायची आणि त्यावरून त्याच्यात 'फुटबॉलचा मेंदू' आहे की नाही ते ते लोक सांगणार. फी बरीच होती. ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही जन्मभर मुलांच्या बुद्धीच्या परीक्षा घेतल्यात. खरं असतं का हो हे?" त्या गर्दीत मला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. गेले तीन महिने मिळेल ते वाचत होते, नातीला संगणकावर शोधायला लावत होते. आजचे हे बोलणे म्हणजे त्या सुनेला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

प्रथम माझी पात्रता सांगते, म्हणजे माझ्या शब्दांना किती किंमत द्यायची ते तुम्हांला ठरवता येईल. मी शाळेत शिक्षिका होते आणि त्याबरोबर मुलांच्या बुद्धिमापनाचे काम करीत असे. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने यांनी सिमाँ यांच्या मदतीने १९०५ साली पहिली उपयुक्त बुद्धिकसोटी तयार केली. तिचे मराठी आणि कानडी रूप डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडकडील मुलांवर पारखून तयार केले. पुढे वेक्सलरच्या कसोटीचे भारतीय रूप नागपूरला डॉ. मालिन यांनी केले. या दोन्ही कसोट्यांच्या पेट्या माझ्या कपाटात असत. ठोकळे, चित्रे, गोष्टी, उलटे अंक म्हणणे. मुलाला समोर बसवायचे, तासाभराने एक आकडा काढायचा. त्या आकड्याचा मला अभिमान होता. आता वाटते, जरा जास्तच होता.

बिनेसाहेबांनी ही कसोटी का केली, हे मात्र आम्ही विसरलो होतो. शाळेत मागे पडणारी मुले कोणती, त्यांना वेगळे शिकवण्याची गरज आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते. म्हणजे ती काठी शाळेचे कापड मोजायला केलेली. आम्ही ती घेऊन सगळा माणूस मोजायला निघालो.

त्यातून माझ्या हातून जे घडले ते आज सांगते. १९८८ सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. गणितात कच्चा, निबंध चार ओळींचा, शेवटच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसणारा. मी त्याची कसोटी घेतली, आकडा बेताचाच आला. त्याच सुमारास शाळेच्या संघाचा सामना होता म्हणून आम्हां शिक्षिकांना मैदानावर नेले. मला खेळातले काही कळत नव्हते. पण त्या मुलाकडे माझे लक्ष गेले, कारण तो सारखी मान फिरवत होता. चेंडू दुसरीकडेच असे आणि हा आपला उजवीकडे बघ, मागे बघ, पुन्हा डावीकडे बघ. मला वाटले, वर्गात तसा इथेही याचे लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी त्याला रागावून विचारले, तर तो म्हणाला, "बाई, चेंडू यायच्या आधीच बघून ठेवायचं असतंय. आल्यावर बघून काय उपयोग?"

हे वाक्य मी ऐकले आणि सोडून दिले. पंधरवड्याने त्याची आई भेटायला आली. चार घरची कामे करणारी बाई. तिला मी आकडा दाखवला आणि सांगितले, याची बुद्धी बेताची आहे, जी आहे ती अभ्यासाला लावा, दहावी होईपर्यंत फुटबॉल बंद करा. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाई." आणि तिने ते केले. तो पुन्हा संघात दिसला नाही. दहावीला गणितात गेला तो गेलाच.

त्या मुलाकडे मी परत येईन. आधी त्या मान फिरवण्याचे सांगते.

नॉर्वेमध्ये गेअर यॉर्डेट नावाचे एक अभ्यासक आहेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील ११८ खेळाडूंची चित्रफीत घेऊन, चेंडू पायात येण्यापूर्वी कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतो हे मोजले. २०१३ साली ते प्रसिद्ध झाले. जे खेळाडू चेंडू येण्याच्या आधी अधिक वेळा पाहून ठेवीत, त्यांचे पुढचे पास अधिक वेळा बरोबर जागी जात. ही ओळ मी वाचली आणि माझ्या हातातला चष्मा गळून पडला. जगातल्या उत्तम खेळाडूंत शास्त्रज्ञांना जे सापडले, ते आठवीतले पोर मला पंचवीस वर्षे आधी सांगून गेले होते आणि मी त्याला लक्ष नसलेला ठरवले होते.

आता बुद्धी आणि फुटबॉल यांचा संबंध शास्त्राने कसा पाहिला ते थोडे सविस्तर सांगते. यातले पहिले गाजलेले काम स्वीडनचे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील वेस्टबर्ग आणि पेट्रोविच यांनी ५७ खेळाडूंची परीक्षा घेतली; २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. काही देशातल्या सर्वांत वरच्या श्रेणीतले, काही खालच्या श्रेणीतले. त्यांत स्त्रियाही होत्या, हे मुद्दाम सांगते. परीक्षा कसली होती म्हणाल, तर तुम्हां सगळ्यांना पहिल्या झटक्यात जमेल अशी. कागदावर चौकोन, प्रत्येक चौकोनात ठिपके. चार रेघांनी ठिपके जोडून एक आकृती काढायची. एका मिनिटात जितक्या वेगवेगळ्या काढता येतील तितक्या. एकदा काढलेली पुन्हा नाही. म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळीच, फक्त घड्याळ लावून आणि कालची आज नको या अटीवर! मी घरी करून पाहिले. सहावी आकृती काढेपर्यंत दुसरीच पुन्हा गिरवली होती.

वरवर हा पोरखेळ. पण यात एका वेळी तीन कामे चालतात. काय काढून झाले ते लक्षात ठेवायचे, हात सवयीने जुन्याच आकृतीकडे वळतो त्याला आवरायचे, आणि एक तऱ्हा संपली की चटकन दुसरी धरायची. आपल्या परिचयाचे उदाहरण देते. शेगडीवर दूध, दुसरीकडे फोडणी, दाराशी कुरिअरवाला आणि धाकटे मूल काही तरी विचारते आहे. दूध डोक्यात ठेवून, मुलावर ओरडण्याचा आवेग आवरून, फोडणीवरून दाराकडे आणि दारावरून दुधाकडे वळायचे. ही बुद्धी पाढे म्हणण्याची नव्हे. मानसशास्त्रज्ञ तिला मनाचे कारभारीपण म्हणतील. मी नुसते 'कारभार' म्हणेन.

तर त्या स्वीडिश खेळाडूंत खालच्या श्रेणीतलेसुद्धा सर्वसामान्य माणसांपेक्षा या परीक्षेत वरचढ निघाले आणि वरच्या श्रेणीतले त्यांच्याहूनही वरचढ. शिवाय ज्यांचे गुण अधिक, त्यांनी पुढच्या मोसमांत गोल आणि गोलाला मदत अधिक केली असेही दिसले. पुढे २०१७ साली त्यांनीच १२ ते १९ वर्षांच्या ३० मुलांवर असाच अभ्यास केला. तेथेही स्मरणात गोष्टी धरून ठेवण्याची शक्ती आणि गोलांची संख्या यांचा काहीएक मेळ दिसला.

हॉलंडमध्ये ख्रोनिंगेन विद्यापीठात १३ ते १७ वर्षांच्या ८८ खेळाडूंची तपासणी झाली. तिचा अहवाल २०१५ चा. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. दिवा लागला की बटण दाबा, या साध्या चपळाईत उत्तम खेळाडू आणि त्यांच्या खालचे खेळाडू यांत फरक नव्हता. फरक होता तो हात आवरण्यात आणि एका नियमावरून दुसऱ्यावर चटकन वळण्यात. अ‍ॅमस्टरडॅमच्या अभ्यासकांनी ८ ते १६ वर्षांची मुले पाहिली, २०१४ मध्ये. तिथेही हुशार खेळाडूंचा ब्रेक चांगला लागे. सुरू केलेली हालचाल ऐन वेळी थांबवणे त्यांना इतर मुलांपेक्षा लवकर जमे. नवल नाही. गोलासमोर पाय उचललेला असतो, समोरचा बचावपटू आडवा पडतो. ज्याला तो पाय थांबवता येतो तोच त्याला चकवून पुढे जातो.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग ती जाहिरात खरीच की! भगिनींनो, घाई करू नका. आम्हां मास्तरलोकांची सगळी चूक याच घाईतून होते.

एक तर या कामांत माणसे थोडी. तीस मुलांवरून साऱ्या जगाच्या मुलांविषयी काय बोलणार? आपल्या वर्गात त्याहून जास्त पट असे. दुसरे म्हणजे निष्कर्ष एकमेकांशी सगळीकडे जुळत नाहीत. स्वीडनला स्मरणशक्तीत संबंध दिसला, तर अ‍ॅमस्टरडॅमला जागा लक्षात ठेवण्याच्या कसोटीत फरक दिसला नाही. शार्फेन आणि मेमर्ट या जर्मन अभ्यासकांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र चाळले. त्यांना संबंध दिसला, पण तो लहान ते मध्यम. आणि सर्वांत मोठा प्रश्न अंडे आधी की कोंबडी आधी हा. कारभार चांगला म्हणून मूल चांगले खेळते, की वर्षानुवर्षे चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळल्यामुळे कारभार सुधारतो, की घरचे खाणेपिणे, झोप आणि निवांतपणा दोहोंच्या मुळाशी आहे? एकदाच परीक्षा घेऊन हे सुटत नाही.

त्यातही वयाचे कोडे आहे. जर्मनीतल्या होफेनहाइम क्लबच्या खेळाडूंवर बीवन आणि सहकाऱ्यांनी अलीकडे जे काम केले, त्यात दिसले की हा कारभार वयाबरोबर वाढतच जातो, पार विशीच्या आसपासपर्यंत. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाचा आकडा म्हणजे अर्ध्या शिजलेल्या भाताची चव. मीठ कमी आहे की जास्त, ते तेव्हा कसे कळावे?

आणि आठ वर्षांचे मूल म्हणजे नेमके किती वर्षांचे? हे हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होते तिथे जानेवारीत जन्मलेले मूल आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात उतरतात. त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर. आठव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. बेल्जियममध्ये पूर्वी ही गणना १ ऑगस्टपासून होई, तेव्हा निवडलेल्या मुलांत ऑगस्ट आणि त्यानंतरच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा होता. १९९७ मध्ये तारीख बदलून १ जानेवारी केली, तशी वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांचा भरणा होऊ लागला! हेल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवले. मुले तीच, देश तोच. पंचांगाचे पान बदलले आणि 'गुणी' मुले बदलली. माझ्या कसोटीच्या पेटीत निदान महिन्यांचा हिशेब तरी होता. मैदानावरच्या निवडीत तोही बहुधा नसतो. आपली धाकटी, बुटकी पोरे "नाही जमत" म्हणून घरी परत येतात, त्यांत कित्येक डिसेंबरची असतात.

आता या सगळ्याहून मला पटलेले एक निराळेच काम सांगते. १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर प्रयोग केला होता. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर मोठा खेळाडू तिचा बराच भाग परत मांडतो. नवशिक्याला चारपाच मोहरी आठवतात. पण तीच मोहरी कशीही विखरून ठेवली, तर दोघेही सारखेच. म्हणजे मोठ्या खेळाडूची स्मरणशक्ती दैवी नव्हे. त्याला त्या खेळाची भाषा येते. वाक्य असेल तर वाचता येते, अक्षरे उधळलीत तर त्यालाही काही वाचता येत नाही. फुटबॉलमध्येही तसेच आहे. इंग्लंडमध्ये वॉर्ड आणि विल्यम्स यांनी ९ ते १७ वर्षांची मुले तपासली; २००३ साली ते छापून आले. डोळ्यांची तीक्ष्णता वगैरे मोजून चांगले आणि साधारण खेळाडू वेगळे काढता येईनात. पण सामन्याची चित्रफीत मध्येच थांबवून "आता चेंडू कुठे जाईल? कोण धोक्याचा?" असे विचारले की फरक स्पष्ट दिसे, आणि तोही नऊ वर्षांच्या मुलांपासून.

मैदानावरची बुद्धी म्हणतात ती बरीचशी ही आहे. बाजारात मुरलेली बाई दुरूनच वांगे पाहून सांगते, आत कीड आहे. तिचे डोळे काही वेगळे नसतात. दिवे लावून बटणे दाबायला लावल्याने तिची ही विद्या कळायची नाही, आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोराचीही कळायची नाही.

इथे कुणी विचारील, ही विद्या शाळेत चालते का? फुटबॉल खेळून मार्क वाढतात का? मला हा प्रश्न आयांनी शेकडो वेळा विचारला आहे, आणि खरे सांगायचे तर मार्क कमी होतील का, असाच त्याचा अर्थ असतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हिलमन यांनी प्राथमिक शाळेतल्या २२१ मुलांवर प्रयोग केला. अर्ध्या मुलांना शाळा सुटल्यावर नऊ महिने रोज खेळवले, उरलेली वाट पाहणाऱ्यांच्या यादीत. २०१४ साली अहवाल आला. खेळलेल्या मुलांचे लक्ष आवरणे आणि मन वळवणे, म्हणजे तोच आपला कारभार, अधिक सुधारला. हा प्रयोग चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला, म्हणून त्याला वजन आहे. पण गणिताचे मार्क आपोआप वाढतात असे मी म्हणणार नाही. गणित करूनच गणित येते. हॉलंडमधील निवडक तरुण खेळाडूंत विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळांत जाणाऱ्यांचे प्रमाण त्या देशातल्या एकूण मुलांपेक्षा अधिक असल्याचे आढळले आहे. त्याच मंडळींना असेही दिसले की उत्तम तरुण फुटबॉलपटू 'आज माझे काय चुकले' याचा विचार इतरांहून जास्त करतात आणि कष्टही जास्त घेतात. हॉलंडमध्ये शाळा आणि मैदान यांची वेळापत्रके एकमेकांना धरून आखतात, हे मात्र विसरू नये. आपल्याकडे शाळा, शिकवणी आणि पुन्हा शिकवणी यांतून साडेसात वाजता सुटलेल्या पोराला अंधारात चेंडू दिसत नाही. दोष खेळावर टाकणे सोपे आहे.

एक सावधगिरीची गोष्ट बुद्धीच्याच संदर्भात सांगते, कारण ती आयांनी सांगितल्याशिवाय कुणी सांगत नाही. डोक्याने चेंडू मारणे लहान मुलांना नको. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजण्याच्या रोगांनी झालेले मृत्यू सामान्य लोकांच्या मानाने सुमारे साडेतीन पट होते. अमेरिकेत २०१५ सालीच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केला. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात तो शिकवू नये असे ठरले. आपल्या पेठेतल्या मैदानावर सात वर्षांचे पोर हेडर मारते आणि मोठी माणसे शाबासकी देतात. ती शाबासकी बंद झाली पाहिजे. त्यासाठी कसोटीची पेटी लागत नाही, दोन आया मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या तरी पुरे.

आता मुलींविषयी. माझी नात तेरा वर्षांची. वर्गात पहिल्या तिघींत असते. बचावफळीत खेळते. तिच्याविषयी मला शेजारपाजारचे काय म्हणतात? "इतकी हुशार मुलगी, कशाला मैदानात वेळ घालवते?" त्या मुलाला मी म्हटले, बुद्धी कमी आहे, खेळ बंद कर. हिला लोक म्हणतात, बुद्धी जास्त आहे, खेळ बंद कर. दोन्हीकडून सुटतो तो खेळच!

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात भारताकडून खेळला, तेव्हा गावाला केवढा आनंद झाला. २०२२ साली त्याच वयाच्या मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबई येथे झाला. आपल्या मुली अमेरिकेकडून आठ, मोरोक्कोकडून तीन आणि ब्राझीलकडून पाच गोलांनी हरल्या, एकही गोल करू शकल्या नाहीत. लोक हसले. मी आणि नात अंतिम सामना दूरचित्रवाणीवर पाहत होतो. स्पेनच्या मुलींनी कोलंबियावर एका गोलाने जय मिळवला. नात म्हणाली, "आजी, चेंडूकडं बघू नकोस. ती सहा नंबरची चेंडू नसताना कुठं जाते ते बघ." मी पाहिले. खरोखर निराळाच खेळ दिसू लागला. ती स्पॅनिश मुलगी पाच-सहाव्या वर्षापासून रोज अशा मैदानावर असणार. आमच्या किती मुलींना दहाव्या वर्षाच्या आधी चेंडूला पाय लावायला मिळतो? खेळाची भाषाच कानावर पडली नाही तर वाक्य कुठून वाचावे?

तो मुलगा मला चारएक वर्षांपूर्वी भेटला. आता तो पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ आहे. उद्यमनगरात एका कारखान्यात यंत्रावर काम करतो. मी रिक्षाची वाट पाहत होते. त्यानेच ओळखले, पाया पडला. म्हणाला, एका वेळी तीन यंत्रे सांभाळतो, आवाजावरून कळते कुठले बिघडणार ते. मी विचारले, "कसं रे कळतं?" तर हसला. "बिघडायच्या आधीच बघायचं, बाई." माझा घसा दाटून आला. म्हटले, "मी तुझ्या आईला त्या वेळी सांगितलं ते चुकीचं होतं रे." तो म्हणाला, "न्हाई बाई, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंसा." मग थोडे थांबून म्हणाला, "पण मॅच असली की मी त्या रस्त्यानं जात न्हाई. आवाज आला की कसं तरीच हुतंय."

तो जिल्ह्याच्या संघात गेला असता की नाही, हे मला माहीत नाही, कुणालाच नाही. गेला नसता तरी चार वर्षे संध्याकाळी खेळला असता. ती चार वर्षे मी एका आकड्यावरून काढून घेतली. त्याने गणितही सुटले नाही.

त्या सुनेला माझे उत्तर असे. ती फी देऊ नकोस. त्या पैशांत मुलाला बरे बूट घे, पायाला न चावणारे. त्यानंतर एक दिवस त्या वर्गाच्या मैदानावर जाऊन तासभर नुसती बस. शिकवणारा नुसता ओरडून "इकडे मार, तिकडे मार" सांगतो, की मध्येच खेळ थांबवून "तू तिकडे का दिलास? आणखी कोण मोकळा होता?" असे विचारतो? तो विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो, असे दिसले तर मुलाला तिथे घाल. धाकट्या, बुटक्या पोरांना तो खेळवतो की पाणी आणायला ठेवतो, तेही बघ. घरी आल्यावर "किती गोल केलेस?" असे न विचारता "आज काय काय दिसलं?" असे विचार. पहिले आठ दिवस ते "काही नाही" म्हणेल. नवव्या दिवशी जेवताना वाट्या आणि चमचे मांडून सामना दाखवायला लागेल आणि तुझी आमटी सांडेल. माझी सांडली आहे.

जाता जाता एक सूचना. येत्या रविवारी सकाळी सात वाजता माझ्या नातीचा सामना आहे. मुलींच्या सामन्याला प्रेक्षक म्हणून दोन बाप आणि एक कुत्रे असते. ज्यांना येणे जमेल त्यांनी यावे. सतरंजी मी आणते, चहाचा थर्मास चिटणीसबाईंनी आणायचे कबूल केले आहे.